पातळ लाईट

ज्वारी पोटऱ्यात आली आणि वाडीची लाईट पातळ झाली.

पातळ हा शब्द लक्ष्मीबाईचा. ईट गावाच्या पलीकडं माळाच्या कडंला खवा आटवणारी जी घरं आहेत, त्यातलं एक तिचं. जन्मभर दुधात हात घालून बसलेल्या त्या बाईला सगळं जग दोनच प्रकारचं दिसायचं, पाणी घातलेलं आणि पाणी न घातलेलं. दिवसा शेताची लाईन सुटली की विहिरीविहिरीवर मोटारी हंबरायला लागायच्या. एकाच डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, आचळाला सगळ्या शिवाराची वासरं. मग घरातला बल्ब आधी पिकल्या लिंबोळीसारखा पिवळा व्हायचा, मग विझत्या बिडीसारखा तांबडा. लक्ष्मीबाई मान वर करून म्हणायची,

"आज लईच पाणी घातलंय मेल्यांनी."

खव्याच्या खोलीत तिनं जुना तारेचाच बल्ब ठेवला होता. नवे पांढरे दिवे तिला चालायचे नाहीत. "त्येला लाज न्हाय," ती म्हणायची. "लाईट किती बी पातळ हू दे, ह्यो आपला दात दाखवत बसतोय. जुना बल्ब कसा, दुखलं की तोंड पाडतोय."

तीच पातळ लाईट आता चुलीत घालायची पाळी आली होती, ती तिचा नवरा बब्रुवान याच्या छातीमुळं. मिसरूड फुटल्यापासून तो बाभळीच्या भट्टीपुढं बसलेला. धूर अंगात असा मुरलेला की धुतलेला सदरा घातला तरी जवळ येणाऱ्याला भट्टीचा वास यायचा. दिवाळीपासून मात्र त्याचा श्वास फाटक्या चाळणीतून गाळल्यासारखा येऊ लागला. बार्शीच्या डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाकडं धरला, खाली ठेवला, आणि एवढंच म्हणाला, "बाबा, धूर सोडा. न्हाईतर मला सोडा."

म्हणून बब्रुवानच्या एकुलत्या एका लेकानं, रणधीरनं, बार्शीच्या एका कारागिराकडून लाईटीवर चालणारी मोठी शेगडी करून आणली. रणधीरनं आयुष्यात एवढं एक काम नीट केलं होतं, आणि तेही दुसऱ्याकडून करून घेतलं म्हणून नीट झालं होतं. असं निदान त्याच्या बायकोचं मत होतं.

बायको म्हणजे सोनाली. परंड्याची. बारावीला सायन्स घेऊन पास झालेली, आणि कॉलेजचं पहिलं वर्ष अर्ध्यात टाकून या घरात आलेली. आली तेव्हा तिच्या मनात नवऱ्याविषयी वाईट काही नव्हतं. तिरस्कार एकदम येतच नाही. तो सायीसारखा धरतो. वरून गार होईल तसा, थोडा थोडा. एक थर काढून टाकला तरी सकाळी दुसरा असतोच.

रणधीर गावाचा वायरमन होता, म्हणजे त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी काढूही शकत नव्हतं. छातीच्या खिशाला टेस्टर, डॉक्टरच्या पेनासारखा. खांबावर चढायच्या आधी तो सगळ्यांकडं एकदा बघून घ्यायचा. त्याची ख्याती अशी की तो मीटर वापरत नसे. उघड्या तारेला उलट्या बोटानं नुसतं चाटून जायचा आणि वैद्यानं नाडी सांगावी तसं सांगायचा, "एकशे साठ." लोक माना डोलवायचे. मोजून कुणी बघत नसल्यामुळं त्याचं आजवर कधी चुकलं नव्हतं.

शेगडी आली त्या दिवशी घरापुढं माणसं जमली. लोखंडी चौकट, तिच्यात भाजक्या मातीचं ताट, ताटाला नागमोडी खाच, आणि खाचेत स्प्रिंगासारखी गुंडाळलेली लांबच लांब तार. वर कढई. बाजूला पेटी, पेटीवर दोन काट्यांची दोन घड्याळं. एक व्होल्टाचं, एक अँपिअरचं. अँपिअरच्या घड्याळात वीसपर्यंत आकडे आणि वीसच्या पुढं काट्याला टेकायला छोटी खुंटी. कडंला पत्र्याची पट्टी ठोकलेली: व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर दहा.

लक्ष्मीबाईनं कढईला हळदकुंकू लावलं. रणधीरनं खटका ओढला. काटे हलले. तार तांबूस झाली, आणि तिथंच राहिली.

दूध तापलं. वाफ आली. पण उकळी काही फुटेना. दुपार कलली तरी कढईत नुसती साय धरायची आणि बब्रुवाननं ती मोडायची. शेवटी दुधाला आंबूस वास आला, आणि लक्ष्मीबाईनं पदर तोंडाला लावला.

"बाळंतिणीला आंगुळीला बरं हाय हे पाणी," ती म्हणाली.

"नवीन कॉइल हाय, आये. जरा मुरू दे की," रणधीर म्हणाला.

"कॉइल हाय का लोणचं, मुरायला?"

सोनाली काट्यांकडं बघत होती. व्होल्टाचा काटा दीडशेवर. अँपिअरचा साडेसहावर. सासऱ्याच्या औषधाची कागदी पिशवी खिडकीत पडली होती, ती तिनं उलटी केली, आणि किती दिवसांनी हातात पेन धरलं.

"कॉइल चांगली हाय," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पट्टीवर काय लिव्हलंय? दोनशे तीस आन् दहा. दोनशे तीसला दहानं भागायचं, तेवीस येतात. तेवढा ह्या तारंचा रोध, म्हंजे तार लाईटीला किती आडवते ते. आता काटे बघा. दीडशेला साडेसहानं भागलं तरी तेवीसच. तार काय बदललेली न्हाय."

"मग?"

"मग लाईट पातळ हाय. आन् जाळ काढायचा तर भागायचं न्हाय, गुणायचं. दोनशे तीस गुणिले दहा, तेवीसशे वॅट. दीडशे गुणिले साडेसहा, हजार बी न्हाईत. व्होल्टेज तिसऱ्या हिश्शानं कमी झालं, पर जाळ निम्म्याच्या बी खाली गेला."

रणधीरनं पिशवी तिच्या हातातून घेतली, वाचल्यासारखं केलं आणि परत दिली. "आगं, हे पुस्तकातलं झालं. लाईन येगळी आसती."

"काटं तर लाईनीचंच हाईत की."

"काटं दाखवायला आसत्यात," तो म्हणाला. आणि तारेला चाटून त्यानं जाहीर केलं, "दीडशे." काटा त्याच्या तोंडासमोरच दीडशेवर होता. तरी दारातल्या माणसांनी माना डोलवल्या.

लक्ष्मीबाई नासलेलं दूध कॅनमध्ये ओतत होती. कुणाला टोचायचं असलं की ती बोलत नसे, ओवी म्हणायची. जात्यावरची बाई ती. जातं गेलं, ओव्या राहिल्या होत्या. कॅनच्या तोंडाशी वाकून, कुणाचं नाव न घेता, तिनं सूर लावला:

*कढईच्या गं बुडाला, जाळ बाभळीचा बाई*
*शिकलेल्या सुनंला गं, कागदानं ऊब येई*

दारातली माणसं हसली. सगळ्यात जोरात रणधीर हसला. सोनालीनं पिशवीची घडी घातली आणि पोलक्यात खोचली. सायीचा एक थर धरला.

दुसऱ्या दिवशी रणधीरनं युक्ती केली. ती त्याला कुणी शिकवली नव्हती. इकडच्या घराघरात ती ठाऊकच आहे. शेगडीची कॉइल जळून तुटली की बाया टोकाला टोक पिळून जोडतात, कॉइल तेवढी आखूड होते, आणि शेगडी आधीपेक्षा लाल तापते. रणधीरनं तुटायची वाट बघितली नाही. पक्कड घेतली, कॉइल मधोमध कापली, अर्धी ताटात बसवली आणि उरलेली अर्धी गुंडाळून बाजूला ठेवली. खटका ओढला तसा फ्यूज उडाला. फ्यूजची तार बारीक असते म्हणून उडते, असं त्याचं निदान झालं. त्यानं मोटारीच्या केबलीतली जाड तांब्याची तार सोलून फ्यूजमध्ये अशी आवळली की ती जन्मात उडायची नाही.

मग खटका ओढला. तार लालभडक झाली. दुधाला उकळी फुटली.

"काटा बघ, काटा!" रणधीर ओरडला. "तेरा! ह्याला म्हणत्यात ताकद."

अँपिअरचा काटा खरंच तेरावर होता. पुढं गेलेला काटा म्हणजे मर्दानगी, मागं आलेला म्हणजे शेळपटपणा, एवढंच काट्याचं शास्त्र त्याच्यापाशी होतं. मोटार अडकून जळायला लागली तरी तो काट्याकडं बघून खूश व्हायचा. सोनालीनं दुधाकडं बघितलं, मग काट्याकडं. पोलक्यातली पिशवी काढायची गरज पडली नाही.

"दीडशेला तेरानं भागा," ती म्हणाली. "साडेआकरा. तार अर्धी, आडवणं अर्धं. आज लाईट पातळ हाय म्हणून जमतंय. नवा डीपी यायचाय म्हणत्यात, त्यो बसला म्हंजे दोनशे चाळीस येईल. दोनशे चाळीसला साडेआकरानं भागा. एकवीस अँपिअर."

"येऊ दे की एकवीस! अजून लाल हुईल."

"घड्याळात वीसच आकडे हाईत," सोनाली म्हणाली. "आन् जाळ आत्ता दोन हजाराच्या खाली हाय, तवा पाच हजार हुईल. खव्याचा कोळसा. फ्यूज बी तुम्ही उडू देणार न्हाई."

"बगा बगा आण्णा," रणधीर बापाला म्हणाला, "दूध उकळलं तरी हिच्या पोटात दुखायलंय."

लक्ष्मीबाई उलथनं फिरवत होती. तिला उकळी फुटल्याचा आनंद झाला होता, आणि आनंद झाला तरी ती ओवीच म्हणायची. कालचीच ओवी तिनं पुन्हा घेतली, *कागदानं ऊब येई*, जरा लांबवून, लाडानं. या वेळी मात्र खाली बसून कॅन विसळणाऱ्या सोनालीनं मान वर न करता त्याच सुरात पुढची जोडली:

*कागदाच्या जाळाला गं, धूर न्हाई, राख न्हाई*
*मामांच्या छातीमंदी, बाभळ जळत ऱ्हाई*

लक्ष्मीबाईचं उलथनं थांबलं. दूध वर आलं, बब्रुवाननं पुढं होऊन फुंकर मारली, आणि फुंकरीनंच त्याला खोकला आला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलीत ओवी झाली नाही.

जमलं मात्र होतं. दिवसा पातळ लाईटीवर अर्धी कॉइल लालभडक तापायची, खवा व्हायचा. मागल्या अंगणातली मातीची भट्टी गार पडली, तिच्या तोंडात कोंबडी अंडी घालायला लागली. बब्रुवान कोवळ्या उन्हात बसायचा, आणि त्याचा श्वास जरासा सैल झाल्यासारखा वाटायचा. खवा कढई सोडायला लागला की तेवढा तो आत यायचा. दोन बोटांत खवा घेऊन चोळायचा आणि सांगायचा, "उतरा." तो हात घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

एका दुपारी तो सोनालीला म्हणाला, "पोरी, त्यो आकडा मला पुन्यांदा सांग. मला कळंल आसा."

सासरा आपल्याला काहीतरी विचारतोय याचंच तिला नवल वाटलं. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. मातीत बोटानं रेघ मारली.

"मामा, हे तळं. ह्यो बांध. बांध म्हंजे कॉइल. त्येंनी बांध आर्धा कापला. आता तळ्यात पाणी थोडं हाय, तर ज्वारीला पायजे तेवढंच सुटतंय. उद्या तळं भरलं तर?"

बब्रुवाननं त्या रेघेकडं बराच वेळ बघितलं. "रान वाहून जाईल."

"त्येच म्हणते म्या."

"मग त्याला सांग की."

"दोनदा सांगितलं."

"त्यो आईकणार न्हाय. माजंबी आईकत न्हाय त्यो." त्यानं तळहातानं रेघ पुसली. "जाऊ दे. तळं भरायच्या टायमाला तू हाईस की. तू सांगशील. म्या तुज्याकडं बगून बसंन."

तिला हसू आलं. त्या घरात तिला असं हसू बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

नवा डीपी येणार अशी बातमी पक्की झाली तेव्हा सोनालीनं तिसऱ्यांदा सांगितलं. सकाळी, एकट्याला, हळू आवाजात. "डीपी चालू करतील त्या दिवशी तेवढी शेगडी बंद ठेवा. न्हाईतर आर्धी कॉइल परत जोडा. उरलेली आर्धी कुठं हाय?"

"शांतलिंगला दिली. त्याच्या च्याच्या शेगडीला."

शांतलिंग म्हणजे फाट्यावरचा चहाचा हॉटेलवाला. त्याच दिवशी ती दुधाचे रिकामे कॅन आणायला फाट्यावर गेली. हॉटेलापुढच्या बाकावर रणधीर बसला होता, भोवती डीपीची वाट बघणारी माणसं. आत शांतलिंगच्या शेगडीत ती दुसरी अर्धी लालबुंद झाली होती. सोनालीला बघून रणधीरनं कप खाली ठेवला.

"या म्याडम! आवो शांतलिंगआप्पा, च्या सांगा. आमच्या म्याडमनी डीपीला इशारा दिलाय. म्हंत्यात, तू चालू झालास तर आमचा खवा जळंल."

"मग डीपीवाल्याला माघारी धाडू का?" शांतलिंग हसत म्हणाला. "वैनी, माजा च्या बी जळंल का वो?"

"जळंल," सोनाली म्हणाली.

बाक हसून हसून हलला. रणधीरनं डोळे पुसले. "घरी कागदावर जाळ लावती. पिशवीवर गणितं करून पोलक्यात ठिवती. परवा मला म्हंती, भागा. म्हनलं, बाई, भागाकार यीत आसता तर तुला कशाला केली आसती?"

पोलक्यातल्या पिशवीचं नाव निघालं आणि माणसांचे डोळे तिच्या पोलक्यावर आले. ते तसेच जरा वेळ तिथं राहिले. रणधीरला ते दिसलं नाही. तो हसत होता. सोनालीनं कॅन उचलले. फाट्यापासून घरापर्यंत कॅनची कडी तिच्या बोटांना कापत होती आणि ती मनाशी ठरवत होती. आता सांगायचं नाही. जळू दे. त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या हाताखाली, त्याची ताकद खुंटीला टेकू दे. तो उलट्या बोटानं चाटून सांगेल किती झालं ते.

डीपी आला तो दिवस थंडीचा, स्वच्छ उन्हाचा. सकाळी थोडा वेळ लाईट होती, मग नव्या डीपीसाठी लाईन बंद केली. रणधीर अंगात नवा शर्ट घालून घर-फाटा येरझारा घालत होता. लाईट लवकर परत येईल म्हणून त्यानं दूध भट्टीवर न नेता शेगडीवरच्या कढईतच राहू दिलं होतं; लाईन जायच्या आधी ते आटून घट्टही होत आलं होतं. आता गार होताना ते तळाला धरू नये म्हणून तो मधूनच येऊन उलथनं फिरवत होता. खटका चालूच होता. "लाईट आली की आपोआप कळंल," तो म्हणाला.

सोनाली खोलीच्या दाराबाहेर कॅन घासत होती. खटक्याची दांडी वर असलेली तिला दिसत होती. ती खाली ओढायला एक हात पुरला असता. तिनं राखेची चिमूट घेतली आणि कॅन घासत राहिली.

फाट्याकडून हलगी वाजायला लागली तसा रणधीर ताडकन उठला. "आण्णा! आवो आण्णा, जरा हितं हात धरा. नारळ फोडायचाय. आलोच म्या."

उन्हातून उठून बब्रुवान आला. लक्ष्मीबाई शेजारणीबरोबर नवा डीपी बघायला आधीच गेली होती. सोनाली अर्धी उठली. मामा तिच्याकडं बघून नेहमीसारखा मान हलवून आत गेला, पाटावर बसला, उलथन्याचा दांडा हातात घेतला. तिला वाटलं, रणधीर आत्ता परत येईल. नारळ फोडायला किती वेळ लागतो. लाईट यायच्या आत येऊन बसेल, आणि मग येऊ दे. तिच्या हातातली राख सुकली.

फाट्यावर फटाक्याची माळ लागली. तेरखेड्याची माळ, लांबच लांब. सगळा माळ तिनं दणाणून सोडला. आणि खोलीतला बल्ब लागला.

तो असा पांढरा लागला की कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं, भिंतीवरचे दुधाचे ओघळ, मामाच्या मानेवरच्या सुरकुत्या, सगळं तिला पहिल्यांदाच दिसलं. व्होल्टाचा काटा दोनशे चाळीस. अँपिअरचा काटा सरसर गेला, वीस ओलांडला, आणि खुंटीला जाऊन चिकटला. अगदी तिनं सांगितलं तसा. एकसुद्धा आकडा चुकला नव्हता. तिच्या अंगातून गार, गोड असं काहीतरी वाहत गेलं. *बघा म्हणावं. या म्हणावं आता, आणि बोट लावा.* एक ओवी म्हणून व्हावी एवढा वेळ ती तशीच उभी होती. तार लालची पिवळी झाली, पिवळीची पांढरी. मामा तिच्याकडं बघत होता, आणि दांडा फिरवत होता.

मग खवा फुटला. कढईच्या मधोमध बुडबुडा आला आणि उकळता गोळा उडून मामाच्या हातावर बसला.

"मामा, उठा!"

फटाक्यांत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. ती आत धावली. भिंतीवरच्या वायरीचं रबर पघळून थेंब थेंब गळत होतं. दाराशी बाभळीचं लाकूड पडलं होतं, त्यानंच तिनं खटका खाली हाणला. तारेचा उजेड गेला. कढईतून काळा धूर वर आला, बाभळीचाही धूर बरा म्हणावा असा, आणि त्या धुरात मामा खोकत राहिला, हात कोपरापासून बाजूला धरून, जसा काही तो हात दुसऱ्याचा होता.

तिनं त्याला बाहेर ओढलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीचा लांब पट्टा उकललेला. कोरफड चिरून तिनं वरून धरली.

रणधीर आला तो कपाळभर गुलाल घेऊन, दारातूनच ओरडत. "आली का न्हाय? फुल! दोनशे च—"

खोलीतून धूर येत होता. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा कपाळावरचा गुलाल तेवढा चेहऱ्यावर उरला होता. त्याच्यामागून आलेल्या लक्ष्मीबाईनं नवऱ्याचा हात बघितला, कढई बघितली, आणि सवयीनं सोनालीकडं तोंड वळवलं. ओवीसाठी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मग ती लेकाकडं वळली.

"तुजं बोट कुटं गेलतं रं?"

रणधीरनं शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला, उगीच बघितला, परत ठेवला, आणि फाट्याकडं निघून गेला.

सकाळचं निम्मं दूध अजून कॅनमध्ये होतं, शेजारच्या गोठ्यांचं, विश्वासानं घातलेलं. ते संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हतं. लक्ष्मीबाईनं मागच्या अंगणातल्या भट्टीतून कोंबडी हुसकावली, अंडी काढून घेतली आणि बाभळीची लाकडं लावली. दुसरी कढई चढवली. दांडा सोनालीनं घेतला. धूर वाऱ्यावर फिरला, भिंतीला थटला आणि पुन्हा अंगणातच बसला.

"मामा, तुम्ही आत जावा."

"खवा उतरायचं कोण सांगंल?" बब्रुवान म्हणाला आणि भट्टीपासून जरा लांब, पण नजरेत कढई राहील असा बसला. चांगला हात मांडीवर, भाजलेला पदराच्या चिंधीत. श्वास पुन्हा त्या फाटक्या चाळणीतून.

दुधाला पहिला कढ आला तेव्हा तो बोलला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दिवा पांढरा झाला तवा म्या तुज्याकडं बगितलं."

सोनालीचा हात चालू राहिला.

"तू बगायलीस. काट्याकडं, माज्याकडं. म्या म्हनलं, सोनाली बगायलीय, म्हंजे भ्यायचं काय न्हाय."

एवढं बोलून त्याला खोकला आला. लक्ष्मीबाईनं एक लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला. धूर त्यामुळं आणखीच वाढला. तिनं सुनेकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच ती नुसतं बघून थांबली.

उन्हं कलती झाली तेव्हा रणधीर परत आला. गुलाल पुसला होता, कानाच्या पाळीला तेवढा राहिला होता. त्याच्या मुठीत काळ्या, ठिसूळ तारेचे तुकडे होते. शांतलिंगची शेगडीही डीपी चालू झाला तेव्हाच गेली होती; चहाचं पातेलं बुडाला भोक पडून बसलं होतं. शांतलिंग लोकांदेखत काय काय बोलला ते रणधीरनं सांगितलं नाही. त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून ते कळत होतं. ही ती मान, हा तो माणूस, ज्याला असं बघायचं म्हणून तिनं खटका वर राहू दिला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिला काही वाटलं नाही. साय तशीच होती, फक्त तिच्याखाली आता तिचाच चेहरा दिसत होता.

"सोनाली," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिला नावानं हाक मारली होती. "बार्शीची गाडी हाय आत्ता. कॉइल आणतो नवी." तो थांबला. मुठीतले तुकडे त्यानं राखेत टाकले. "किती लांब आणू?"

तिनं मान वर केली नाही.

"होती तेवढी," ती म्हणाली, आणि मामांच्या खोकल्याकडं कान ठेवून ढवळत राहिली.